हॉस्टेलचं सामान नागपूरहून पुण्याला रेल्वेने कसं न्यावं?

नमस्कार भाऊ. तुमचा प्रश्न असा आहे: मुलीला पुण्याच्या हॉस्टेलला सोडायला तुम्ही तिघं नागपूरहून निघणार, थ्री एसीची तिकिटं काढली आहेत. सोबत २८ इंची दोन ट्रॉली बॅगा, पत्र्याची मोठी ट्रंक, गादीची वळकटी, भांड्याकुंड्यांचं एक खोकं, मुलीची सायकल आणि पाठीवरच्या सॅक. हे सगळं डब्यात चालतं का, टीसी दंड लावेल का, की ब्रेकव्हॅनला, म्हणजे लोक ज्याला गार्डाचा डबा म्हणतात तिथे, टाकावं? रेल्वेच्या लगेज-पार्सलच्या खिडकीमागे माझी सगळी नोकरी गेली. जुलै-ऑगस्ट लागला की हाच प्रश्न घेऊन आईवडील खिडकीशी यायचे. म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

आधी नियम, कारण तो लवकर सांगून होतो. थ्री एसी आणि एसी चेअर कारला माणशी ४० किलो सामान फुकट नेता येतं. स्लीपरलाही ४०, टू एसीला ५०, फर्स्ट एसीला ७० आणि सेकंड क्लासला ३५. यापुढचं वजन पैसे भरून नेता येतं, पण त्यालाही वरची मर्यादा आहे: स्लीपरला ८० किलो, टू एसीला १००, फर्स्ट एसीला १५०, सेकंड क्लासला ७०. थ्री एसीची गोष्ट वेगळी आहे. तिथे पैसे भरूनही डब्यात ४० च्या वर नेता येत नाही. हे बहुतेकांना माहीत नसतं. आगाऊ नोंदवलेल्या जास्तीच्या वजनाला लगेजच्या दराच्या दीडपट आकार पडतो. न नोंदवता सापडलं आणि फुकटच्या वजनावर जी थोडी सूट धरतात तिच्याहीपेक्षा जास्त निघालं तर सहापट. २०२५ च्या ऑगस्टमध्ये विमानतळासारखं स्टेशनवर सामान तोलणार अशी बातमी फिरली आणि लोक घाबरले. नियम मात्र जुनेच आहेत, नवीन काही आलेलं नाही.

आता तुमचा हिशेब करू. दोन्ही बॅगा भरून पंचवीस-पंचवीस किलो धरा. ट्रंक तीस, खोकं पंधरा, गादी आठ-दहा. सायकल आणि पाठीवरच्या सॅक बाजूला ठेवल्या तर हे सगळं एकशे पाचच्या आसपास जातं, आणि तुम्हा तिघांचे मिळून १२० किलो होतात. म्हणजे वजनात तुम्ही बसता. तरीही हे सामान घेऊन तुम्ही डब्यात चढू नये, असंच माझं मत आहे.

याचं एक कारण नियमातच आहे. डब्यात न्यायच्या पेटीला मापाची मर्यादा असते. साधारण वर्गांना १०० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि २५ उंच. थ्री एसी आणि चेअर कारला मात्र फक्त ५५ बाय ४५ बाय २२.५. हॉस्टेलची ट्रंक यात कुठल्याच बाजूने बसत नाही. तिची जागा ब्रेकव्हॅनमध्येच.

दुसरं कारण नियमाच्या पुस्तकात नाही, पण खरी अडचण तीच आहे. मी लोकांना नेहमी सांगायचो की सामान किलोत मोजू नका, हातांत मोजा. तुम्ही तिघं, म्हणजे सहा हात. सॅक पाठीवर गेल्या की एका हातात एक नग. पण एक हात दाराचा दांडा धरायला मोकळा लागतो, नाहीतर पायरीवर पाय घसरतो. म्हणजे माणशी पाठीवर एक आणि हातात एक, इतकंच सामान एका फेरीत चढतं-उतरतं. तुमच्याकडे सायकल सोडून हातात धरायचे पाच नग आहेत. म्हणजे दुसरी फेरी आलीच. दुसऱ्या फेरीत कोणीतरी एकटा फलाटावर राहतो, कोणीतरी एकटा डब्यात, आणि मधल्या अरुंद वाटेत पुढून माणसं येत असतात. सामान हरवतं, बोटं चेंगरतात, म्हातारी माणसं पडतात ती याच वेळी. वजन जास्त झालं म्हणून कोणाचा प्रवास बिघडल्याचं मी फार पाहिलं नाही. दुसऱ्या फेरीपायी बिघडलेले मात्र पुष्कळ पाहिले.

तिसरी गोष्ट बर्थखालच्या जागेची. थ्री एसीच्या एका खणात समोरासमोर सहा माणसं असतात आणि खाली जागा दोनच बर्थांची. म्हणजे माणशी एका बर्थखालचा तिसरा हिस्सा. तुम्हा तिघांच्या वाट्याला जेमतेम एका बर्थखालची जागा येते, तीही तिघं एकाच खणात असाल तर. टू एसीत त्याच दोन बर्थखाली चौघांचं सामान, म्हणून तिथे प्रत्येकाला अर्धी जागा मिळते. सामान खरंच जास्त असेल आणि ऐपत असेल तर टू एसीचं जास्तीचं भाडं आरामाइतकंच या जागेसाठीही द्यावं. २८ इंची बॅग गच्च भरली की फुगते आणि बर्थखाली आडवी सरकत नाही. उभी ठेवली तर सगळ्यांचे गुडघे अडतात. २४ इंची सहसा जाते. तुमच्या बॅगा अजून भरायच्या असतील तर वरचं चेनचं जास्तीचं पुड उघडूच नका. घरातल्या दिवाणाखाली एकदा सरकवून पाहा, लगेच अंदाज येतो. साइड लोअरखाली खोली कमी असते, तिथे मोठी बॅग वाटेत डोकावते आणि रात्रभर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायात येते.

कोणती गाडी धरली आहे यावर पुष्कळ अवलंबून आहे, आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही. नागपूरहूनच सुटणारी गाडी असेल, म्हणजे नागपूर-पुणे सुपरफास्ट किंवा गरीबरथ, तर उत्तम. गाडी सुटायच्या बरीच आधी फलाटावर लागते, शांतपणे चढता येतं आणि ब्रेकव्हॅन रिकामी असते. आझाद हिंद हावड्याहून येते, महाराष्ट्र एक्स्प्रेस गोंदियाहून. या गाड्या नागपूरला काही मिनिटंच थांबतात, आणि ब्रेकव्हॅन मागच्या स्टेशनांवरच भरलेली असू शकते. महाराष्ट्र एक्स्प्रेस पुण्याहून पुढे कोल्हापूरला जाते, हेही ध्यानात ठेवा. ब्रेकव्हॅनमधला नग पुण्याला उतरवायचा राहिला तर तो गाडीबरोबर पुढे जातो आणि परत यायला एक-दोन दिवस लागतात. ज्या गाडीचं शेवटचं स्टेशन पुणे आहे तिच्यात ही भीती नाही. अजनीहून पुण्याला जाणाऱ्या वंदे भारतचं तिकीट असेल तर ट्रंक-सायकलचा विचारच सोडा. तिला ब्रेकव्हॅन नाही आणि बसायच्या खुर्च्या. डोक्यावरच्या रॅकवर मावेल तेवढंच तुमचं सामान.

आता ब्रेकव्हॅनबद्दल. तिथे सामान दोन तऱ्हेने जातं. तिकीट दाखवून नोंदवलं तर ते लगेज, आणि तुमच्याच गाडीने जावं असा त्यामागे हेतू असतो. बिनतिकिटाचं नोंदवलं तर ते पार्सल, आणि ते जागा असेल त्या गाडीने, त्या दिवशी जातं. खिडकीवर जाऊन तुम्ही नुसतं 'पुण्याला सामान पाठवायचं' म्हणालात तर समोरचा माणूस पार्सल समजू शकतो. पहिलं वाक्यच असं बोला: 'या तिकिटावर, याच गाडीने लगेज बुक करायचं आहे.' ई-तिकीट असेल तर कागदावर छापून न्या आणि ओळखपत्राची झेरॉक्स ठेवा. नियमाने सुटायच्या अर्धा तास आधी सामान द्यावं लागतं. पण प्रवेशाच्या दिवसांत खिडकीवर रांग असते, काट्यावर रांग असते आणि पुढे हातगाडीवर चढवायला हमाल मोकळे नसतात, म्हणून दोन तास तरी हाताशी ठेवा. आदल्या दिवशी एकदा जाऊन विचारून या की तुमच्या गाडीत लगेज घेतात का. काही गाड्यांच्या ब्रेकव्हॅनमधली जागा कंत्राटदारांना भाड्याने दिलेली असते आणि बाकीची थोडीच उरते. हा एक हेलपाटा पुढची सगळी धावपळ वाचवतो.

ट्रंकेची तयारी घरीच करा. कुलूप लावा आणि वरून सुतळीने आडवी-उभी बांधा, कारण पत्र्याचा कडी-कोयंडा आपटला की निखळतो. पावसाचे दिवस आहेत आणि हातगाडी फलाटावर उघड्यावर उभी राहू शकते, म्हणून आतल्या कपड्यांना आधी प्लास्टिकची मोठी पिशवी लावा. बाहेर प्लास्टिक गुंडाळलं तर ते पहिल्याच ओढाताणीत फाटतं. झाकणावर आणि एका बाजूवर, दोन्हीकडे, जाड अक्षरात नाव, मोबाइल नंबर आणि 'नागपूर ते पुणे' असं लिहा. तोच मजकूर कागदावर लिहून ट्रंकेच्या आत सगळ्यात वर ठेवा.

आणि जुनी लेबलं, जुनी अक्षरं पुसा. हे मी हात जोडून सांगतो. आपल्याकडे ट्रंक थोरल्या भावाकडून धाकटीकडे जाते. एका मुलीच्या ट्रंकेवर तिच्या भावाच्या वेळचं पांढऱ्या ऑइलपेंटमधलं नाव आणि वाटेतल्या दुसऱ्याच गावाचं नाव ठळक होतं. नवीन पत्ता मात्र बॉलपेनने, वहीच्या चतकोर कागदावर, सेलोटेपने चिकटवलेला. रात्री अंधारात टॉर्चच्या उजेडात सामान उतरवणारा माणूस काय वाचणार? ट्रंक त्या मधल्याच गावी उतरली. पावती होती म्हणून चार दिवसांनी मिळाली, पण प्रवेशाची मूळ कागदपत्रं तिच्यातच होती आणि त्या घराचे ते चार दिवस फार वाईट गेले.

त्यावरून पुढचा मुद्दा. नोंदवलेलं लगेज हरवलं किंवा फुटलं तर रेल्वेची जबाबदारी असते, पण किंमत जाहीर करून त्याचा वेगळा आकार भरलेला नसेल तर भरपाई किलोला १०० रुपये या मर्यादेत बसते. तीस किलोची ट्रंक म्हणजे जास्तीत जास्त तीन हजार. म्हणून ब्रेकव्हॅनला टाकायचं ते चादरी, स्वेटर, बादली-मग, पुस्तकं असं, जे पुन्हा घेता येतं. मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, लॅपटॉप, दागिने, रोजची औषधं पाठीवरच्या सॅकमध्ये, आणि ती सॅक झोपताना उशाशी. डब्यात तुमच्या ताब्यात असलेल्या सामानाबद्दल तर रेल्वेच्या माणसाची चूक सिद्ध करावी लागते, तेव्हाच रेल्वे जबाबदार धरली जाते. बर्थखाली लोखंडी कड्या असतात. साखळी-कुलूप दीड-दोनशे रुपयांत मिळतं, तेवढं घ्याच.

सायकलला फुकटच्या वजनाची सवलत लागू होत नाही, तिचे वेगळे पैसे पडतात. घंटा, पंप, बाटलीचा स्टँड काढून घरी ठेवा. हँडल फिरवून चाकाच्या रेषेत आणा, पेडल सोडवता आलं तर सोडवा, आणि चेन व गिअरच्या भागाला बारदान गुंडाळा. मोठ्या स्टेशनांच्या पार्सल ऑफिसजवळ बारदान शिवून देणारे भेटतात. भाव आधी ठरवा. माझं मन विचाराल तर सायकल याच फेरीत नेऊ नका. मुलगी महिनाभर राहू दे, कॉलेज हॉस्टेलपासून किती लांब आहे, रस्ता चढाचा आहे का, हॉस्टेलात सायकल ठेवायला छप्पर आहे का, ते कळू दे. मग पार्सलने पाठवा. बऱ्याच मुली पहिल्याच महिन्यात म्हणतात की सायकल नको, चालत पाच मिनिटं आहे.

गादी तर अजिबात नेऊ नका. तिचं वजन काहीच नाही, पण ती एक अख्खा हात खाते आणि डब्यात कुठेच मावत नाही. पुण्यात हॉस्टेलच्या आसपास गादीची दुकानं असतात आणि पलंगाचं माप पाहून घेता येते. उशीचा अभ्रा आणि घरची गोधडी मात्र द्या, पहिल्या रात्री घरचा वास लागतो.

खोकं म्हणजे बहुधा स्वयंपाकघर. त्यात छोटा गॅस सिलिंडर किंवा रॉकेलचा स्टोव्ह असेल तर आजच बाहेर काढा. पेटणारी वस्तू गाडीत नेणं हा गुन्हा आहे, दंडही होतो आणि तुरुंगवासही. रिकामा सिलिंडरही चालत नाही. बाकी कुरड्या, शेवया, सांडगे डब्यांत भरून ट्रंकेतच वरच्या थरात ठेवा. तिखट आणि मसाला मात्र दुहेरी पिशवीत, तोंडाला दोरा बांधून. ट्रंक आपटली की तिखटाची पुडी फुटते आणि सगळ्या कपड्यांना लागते; ते धुऊनही अंगाला झोंबत राहतं.

म्हणजे तुमच्या सामानाची वाटणी अशी झाली: ट्रंक नोंदवून ब्रेकव्हॅनला, खोक्यातलं निम्मं ट्रंकेत आणि निम्मं घरी, सायकल नंतर, गादी पुण्यात. डब्यात दोन बॅगा (काटेकोर मापाने २८ इंचीही ५५ सेंटिमीटरच्या वर जाते, हे ध्यानात असू द्या) आणि तीन सॅक. तिघांत दोन बॅगा, म्हणजे एका माणसाचे दोन्ही हात मोकळे. तो माणूस तुम्ही व्हा, कारण पाण्याची बाटली, तिकीट, चपला, रिक्षावाला सगळं त्याच्याच वाट्याला येतं.

स्टेशनवरची गोष्ट. नागपूर स्टेशनला दोन बाजू आहेत. पश्चिमेला मुख्य इमारत, तिकडून एक नंबर फलाट समोरच. पूर्वेला संत्रा मार्केटकडचं दार, तिकडून आठ नंबर जवळ. गाडी कोणत्या फलाटावर लागते ते घरून निघताना पाहा आणि त्या बाजूने या. चुकीच्या बाजूला उतरलात तर सगळं सामान पुलावरून ओढावं लागतं. स्टेशनच्या पुनर्विकासाचं काम चालू असल्यामुळे रिक्षा-मोटारी उभ्या करायच्या जागा आणि आत जायच्या वाटा अधूनमधून बदलतात. त्याची वेळ वेगळी धरा. हमाल घ्यायचा तर लाल कपड्यातला, दंडावर बिल्ला असलेला घ्या, बिल्ल्याचा नंबर पाहून ठेवा आणि पैसे सामानाला हात लावायच्या आधी ठरवा. 'इतकं डोक्यावर नाही होत साहेब, ठेला घ्या लागते' असं तो म्हणाला तर घासाघीस करू नका. रोज ओझं उचलणाऱ्या माणसाचा अंदाज आपल्यापेक्षा पक्का असतो.

चढताना दार निवडा. थ्री एसीच्या ७२ बर्थांच्या डब्यात १ पासूनचे नंबर एका दाराकडे, ७२ कडचे दुसऱ्या दाराकडे. चुकीच्या दाराने चढलात तर दोन्ही बॅगा अख्ख्या डब्यातून ओढत न्याव्या लागतात, समोरून लोक येत असताना. मुलीला आधी रिकाम्या हाताने चढवा, ती बर्थ शोधून उभी राहील. मग तुम्ही पायरीशी उभं राहून बॅगा वर द्या. मुलीची आई सगळ्यात शेवटी, फलाटावर काही राहिलं नाही ना ते पाहून. दाराजवळ, बेसिनपाशी बॅग ठेवून देऊ नका. वाट अडते आणि रात्री नजरेआडही होते. मधला बर्थ पडायच्या आत साखळी लावून घ्या, नंतर खाली वाकायला जागा राहत नाही.

पुणे शेवटचं स्टेशन असेल तर उतरायची घाई करू नका. डबा रिकामा होऊ द्या. ट्रंक गाडीतून थेट हातात मिळत नाही. ती लगेज-पार्सल ऑफिसात येते आणि पावती दाखवून सोडवावी लागते. त्यात तास-दीड तास जाऊ शकतो, म्हणून हॉस्टेलची वेळ त्याच सकाळी नऊची घेऊ नका. त्याच दिवशी सोडवा; फुकट ठेवायची मुदत काही तासांचीच असते, पुढे व्हार्फेज, म्हणजे सामान ठेवल्याचा आकार, लागतो. पावतीचा फोटो तिघांच्याही मोबाइलमध्ये असू द्या. नग आला नसेल तर ऑफिसात लेखी तक्रार द्या आणि रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकावरही नोंदवा, दोन्ही.

तुमची गाडी कोणती आणि बर्थ नंबर कोणते ते कळवलंत तर कोणत्या दाराने चढायचं आणि त्या गाडीत ट्रंक टाकावी की आधीच्या एखाद्या गाडीने पार्सल करावी, ते नेमकं सांगतो.